अकरा मेची सकाळ दोनदा : सिंगापूर ते न्यूयॉर्क

८ मे

निघायला दोन दिवस होते. बॅगा अर्ध्या भरून पडल्या होत्या आणि आई जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल घेऊन बसली होती. गोल माझ्या मुलाचा, तीस सेंटिमीटर व्यासाचा. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा तिने सिंगापूरवर अंगठ्याने दाबून धरला आणि दुसरं टोक न्यूयॉर्ककडे ओढलं. पॅसिफिकवरून ओढून पाहिलं, युरोपवरून ओढून पाहिलं. दोन्हीकडे दोरा ढिला पडायचा, हलवला की आणखी आखूड व्हायचा. शेवटी तो ताणून बसला तो थेट उत्तर ध्रुवाला खेटून.

"अगं, हा तर ध्रुवावरून चाललाय!"

आईने एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आंतरराष्ट्रीय वाररेषा (जिथे तारीख बदलते ती), बृहद्वृत्त (ज्यावरून गोलावरची सर्वांत जवळची वाट जाते ते), स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढलं, पण वाररेषा स्वतः कधी ओलांडली नव्हती. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलीचा पदवीदान समारंभ १६ मे रोजी होता. आई माझ्याकडे सिंगापूरला आलेलीच होती, तेव्हा इथूनच दोघींनी जायचं ठरलं. "किती लांब आहे ते?" हा प्रश्न तिने तिकीट काढल्यापासून रोज विचारला होता. मी दर वेळी "अठरा तास" म्हणायचे आणि ती दर वेळी म्हणायची, "मी लांबी विचारली, तू वेळ सांगतेस."

त्या संध्याकाळी तिने लांबी काढली. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला, म्हणजे तिथून ध्रुव ८९ अंश. न्यूयॉर्क ४१ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून तिथपर्यंत ४९ अंश. दोन्ही शहरं एकमेकांच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, सिंगापूर १०४ पूर्वेला आणि न्यूयॉर्क ७४ पश्चिमेला. बेरीज १७८, अर्ध्या वर्तुळाला दोनच अंश कमी. म्हणून सरळ बेरीज करायची. ८९ आणि ४९, झाले १३८ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की १५,३१८ किलोमीटर. सिंगापूरचं चांगी ते न्यूयॉर्कजवळचं नुआर्क या विमानतळांमधलं छापील अंतर १५,३४४ किलोमीटर आहे. दोरा मोजला तर ३६ सेंटिमीटर भरला. त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर, गुणाकार केला की १५,३००. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून तिने खाली दोन रेघा मारल्या, गणित सुटल्यावर मारतात तशा.

दोरा तिने गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

१० मे, रात्र

साडेसातला घर सोडलं, विमान रात्री पावणेबाराच्या आसपास सुटलं. चेक-इन, तपासणी आणि वाट पाहणं यातच चार तास गेले.

सिंगापूर एअरलाइन्सच्या या फेऱ्यांचं विमान वेगळं असतं, एअरबस ए३५०-९०० यूएलआर. यूएलआर म्हणजे अति लांब पल्ल्याचं. याच दोन शहरांसाठी या कंपनीने २००४ ते २०१३ या काळात चार इंजिनांची ए३४०-५०० विमानं वापरली. ती फार इंधन पीत, म्हणून सेवा थांबली. दोन इंजिनांचं हे विमान आल्यावर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ती पुन्हा सुरू झाली. पहिल्या फेरीला १७ तास ५२ मिनिटं लागली होती. या विमानाच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. टाक्या काठोकाठ भरल्या तर वजन सुमारे १३० टन होतं, आणि उडताना विमानाचं एकूण वजन असू शकतं २८० टन. म्हणजे जवळजवळ निम्मं विमान हे इंधनच. सुरुवातीचे कित्येक तास ते जे इंधन जाळतं त्यातलं बरंचसं पुढचं इंधन वाहून नेण्यासाठी. म्हणून वजन कमी ठेवायला आत माणसंही थोडी असतात, १६१ आसनं. त्याच आकाराच्या साध्या विमानात अडीचशेच्या वर माणसं बसतात. हे सगळं कळल्यावर अठरा तासांचा अर्थ मला जरा वेगळा लागला. हे अंतर नुसतं लांब नाही, ते विमानाच्या कुवतीच्या काठाशी आलेलं आहे.

वैमानिक चार होते, आळीपाळीने विश्रांती घेणारे. आईला याचं फार बरं वाटलं.

तिला उजव्या हाताची खिडकी मिळाली होती. डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे तिने घरूनच घातले होते. दर दोन तासांनी उठून चालायचं आणि पाणी घोट घोट पीत राहायचं हे आमचं आधीच ठरलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने इतका वेळ एका जागी बसणं धोक्याचं असतं, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ज्यांना आईवडिलांना घेऊन असा प्रवास करायचा आहे त्यांना एवढंच सांगते की विमानातली झोप चुकली तरी चालेल, पण चालणं चुकवू देऊ नका.

विमान वर गेलं, दिवे मंद झाले. आईने पर्समधून एक लहानशी वही आणि पेन्सिल काढली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'सूर्योदय'. खाली पान कोरं होतं.

"काय आहे हे?"

"बघू. परत आल्यावर सांगते."

११ मे, पहिल्यांदा

समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता. विमान ध्रुवाकडे जात नव्हतं. फिलिपिन्सला उजवीकडे ठेवून ते ईशान्येला, जपानच्या दिशेने निघालं होतं.

सर्वांत जवळची वाट सोडून लांबची का, हा प्रश्न मलाही पडायचा. ध्रुवाची वाट थायलंड, लाओस, चीन, मंगोलिया आणि मग सायबेरियावरून जाते. २०२२ नंतर रशियाच्या आकाशातून जाणं अनेक कंपन्यांनी सोडलं आहे. ध्रुवाजवळ थंडीही अशी असते की इंधन गोठण्याच्या तापमानाकडे वैमानिकांना लक्ष ठेवावं लागतं. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांना गोठतं. शिवाय वाटेत काही बिघडलं तर उतरायचं कुठे याचा हिशेब दोन इंजिनांच्या विमानाला आधी मांडून ठेवावा लागतो. पण या सगळ्यांइतकंच मोठं कारण म्हणजे वारा.

जपानच्या वर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वाऱ्याची नदी वाहते, जेट स्ट्रीम. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून तो वारा मोजला आणि जगाला कळावं म्हणून १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. जगाने तो फारसा वाचला नाही. आज त्याच वाऱ्यावर बसून आम्ही चाललो होतो. स्क्रीनवर जमिनीच्या हिशेबाने वेग १,०३० किलोमीटर दिसत होता आणि खाली लिहिलं होतं, पाठीमागून वारा, १२० किलोमीटर.

इथे एका गैरसमजाबद्दल लिहिते, कारण तो मला अनेकांनी ऐकवला आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर थांबलं तर न्यूयॉर्क खाली येईल ना, आणि पूर्वेला जाणाऱ्याला तर उलट जास्त वेळ लागायला हवा? तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. वेळेत फरक पाडतो तो हवेचा जमिनीपेक्षा जास्तीचा वेग. आईच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच. ती मुलांना चालत्या गाडीत चेंडू वर उडवायला सांगायची. तो मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, हातातच परत येतो.

निघून साडेचार तास झाले असतील. केबिनमध्ये सगळे झोपले होते. आई जागी होती. खिडकीची झडप तिने अगदी थोडीशी वर केली, कुणाच्या डोळ्यांवर उजेड यायला नको म्हणून तळहाताचा आडोसा धरला, आणि मला कोपराने ढोसलं. पुढे उजवीकडे ढगांच्या कडेला केशरी रेघ होती. मग बघता बघता सूर्य वर आला. माझ्या मनगटावर पहाटेचे सव्वाचार वाजले होते, सिंगापूरचे. तिथे सूर्य उगवायला अजून पावणेतीन तास होते. आम्ही त्याच्याकडे धावत गेलो होतो.

आईने वहीत एक उभी रेघ ओढली.

१० मे, पुन्हा

पावणेनऊ तास झाले तेव्हा नकाशावरचं विमान १८० अंशांच्या रेघेला, म्हणजे वाररेषेला टेकलं. आईने चष्मा पुसला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. एकतीस वर्षं जी रेघ ती खडूने काढत आली, ठिपक्या-ठिपक्यांची, ती आज तिच्या खालून जात होती. खिडकीतून पाहिलं तर खाली फक्त ढग आणि त्यांच्या फटीतून काळंनिळं पाणी.

"काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "दिसायला नकोच. माणसांनी ठरवलेली आहे ती."

रेघेच्या पश्चिमेला त्या क्षणी ११ मेची दुपार होती, साडेबाराच्या आसपास. पूर्वेला १० मेची दुपार, तीही साडेबाराचीच. आम्ही ज्या तारखेला सिंगापूर सोडलं होतं ती तारीख पुन्हा सुरू झाली, आणि तीही मध्यावरून.

मग तिने मला मॅगेलनच्या मोहिमेची गोष्ट सांगितली. वर्गात सांगायची तशीच, हात हलवत, फक्त आवाज हळू. मॅगेलन स्वतः वाटेतच फिलिपिन्समध्ये मारला गेला. उरलेलं एक जहाज, व्हिक्टोरिया, पृथ्वीला फेरी घालून परतताना जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांना लागलं. जहाजावर पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता, तो रोज न चुकता रोजनिशी लिहायचा. त्याच्या हिशेबाने त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावरची माणसं म्हणाली, गुरुवार. त्याला वाटलं आपण कुठेतरी एक दिवस लिहायचा विसरलो. तो काहीच विसरला नव्हता. तीन वर्षं पश्चिमेला, सूर्याच्या मागे मागे जाताना त्यांचा प्रत्येक दिवस थोडा थोडा लांबत गेला होता, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत एक अख्खा सूर्योदय कमी पडला होता.

"आणि आपण पूर्वेला चाललोय," आई म्हणाली. तेव्हा वहीचा अर्थ मला थोडा कळला.

उजेडाचे ते तास सर्वांत अवघड गेले. बाहेर लख्ख ऊन, शरीर म्हणतं रात्र, नकाशावर अजून अर्धं अंतर बाकी. अकराव्या तासाला आईने मोजे खाली सरकवले, तर सुजेवर चपलेच्या पट्ट्याचा ठसा उमटलेला, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत. पट्टे सैल केले, तिला मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. तिथे केबिन क्रूमधल्या एका मुलीने स्वतःहून टाचा वरखाली कशा करायच्या ते दाखवलं आणि तिच्याबरोबर वीस वेळा करूनही घेतलं. परत येईतो डावीकडच्या खिडक्यांत अलास्काचे डोंगर आले होते, बर्फाने गच्च भरलेले, मे महिना अर्ध्यावर आला तरी. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून बघत होतो. निघून साडेबारा तास होत आले तेव्हा कॅनडावर सूर्य मावळला. त्या दिवसाची लांबी जेमतेम आठ तास.

उरलेली रात्र दोघी झोपलो. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

११ मे, दुसऱ्यांदा

उतरण्यासाठी विमान वळलं आणि उजव्या खिडकीत पुन्हा सूर्य. नुकताच क्षितिजाच्या वर आलेला, शहराच्या धुक्यात लाल. आईने दुसरी रेघ ओढली. तारीख तीच, ११ मे, आणि हा तिचा दुसरा सूर्योदय.

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी चाकं टेकली. हवेतला वेळ १८ तास १५ मिनिटं. स्क्रीनवर कापलेलं अंतर साडेसोळा हजार किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे आईचा ३६ सेंटिमीटरचा दोरा तीन सेंटिमीटरने लांबला होता, तरी वाऱ्यामुळे ती लांब वाटच सोयीची ठरली. अंतर सांगितलं म्हणून वेळ कळत नाही आणि वेळ सांगितली म्हणून अंतर कळत नाही, हे आई दोन महिने मला का सांगत होती ते मला नुआर्कच्या धावपट्टीवर पटलं.

इमिग्रेशनची रांग, बॅगा, बहिणीची मिठी, गाडी. घरात पाऊल टाकलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. उंबरा ते उंबरा पंचवीस तास. छापील अंतराला या पंचवीस तासांनी भागलं तर ताशी ६१४ किलोमीटर. तिकिटावरच्या अठरा तासांत हे दोन उंबरे धरलेले नसतात.

आईने मनगटावरचं घड्याळ बहिणीच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. काट्यांचं घड्याळ, सिंगापूरला लावलेलं. दोन्हींत साडेआठ. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा सिंगापूरशी फरक बरोबर बारा तासांचा होतो. तिने घड्याळाला हातही लावला नाही, पुढचे तेरा दिवस ते तसंच चाललं. हिवाळ्यात आलो असतो तर फरक तेरा तासांचा झाला असता.

१२ ते १५ मे

घड्याळ फिरवावं लागलं नाही, शरीर मात्र पूर्ण फिरवावं लागलं. बारा तासांचा फरक म्हणजे शरीराच्या घड्याळाला बसणारा सर्वांत मोठा झटका. याहून लांब जायला जागाच नाही, पुढे गेलं की माणूस दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागतो.

पहिल्या दिवशी आई अकरा वाजता "जरा पडते" म्हणाली आणि मी तिला चार वाजेपर्यंत झोपू दिलं. ती चूक झाली. रात्री दोनला ती टक्क जागी. मी खाली आले तर ओट्याजवळचा छोटा दिवा लावून वही पुढ्यात घेऊन बसलेली. भूकही तेव्हाच लागायची, कारण पोटाच्या हिशेबाने दुपारचे दोन वाजलेले असायचे. दुसऱ्या रात्री अडीच. तिसऱ्या रात्री साडेतीन. चौथ्या रात्री सव्वाचार. ढोबळ हिशेब असा सांगतात की शरीर दिवसाला साधारण एक तास सरकतं. आमचं अगदी तसंच सरकत होतं, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त.

भाचीने जीवशास्त्रात पदवी घेतली आहे. तिने आजीचं वेळापत्रक हातात घेतलं. दुपारी पडदे उघडे, बाहेर उजेडात चालणं, झोप आली तर वीस मिनिटांचा गजर. तिने सांगितलं की प्रत्येक पेशीत दिवसरात्र मोजणारी एक यंत्रणा असते, आणि ती कशी चालते हे शोधल्याबद्दल २०१७ चं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. त्यातले यंग इथलेच, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले. आई आणि नात त्यावर तासभर बोलत बसल्या. आजीला पृथ्वीचं घड्याळ ठाऊक, नातीला पेशीचं.

पहाटे उठण्याचा एक फायदा झाला. सूर्योदय एकही चुकला नाही. रोज पावणेसहाच्या आत आई शाल घेऊन मागच्या अंगणात उभी असायची. वहीत चार रेघा उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी.

१६ मे

समारंभ. ऊन भरपूर, माणसं भरपूर. भाचीचं नाव पुकारलं तेव्हा बहीण रडली, आई नाही रडली, ती उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि खाली बसायलाच तयार नव्हती. मंचावरून उतरल्यावर भाची गाऊन सांभाळत थेट आजीकडे आली आणि वाकून नमस्कार केला. आजूबाजूचे लोक बघत राहिले. त्या क्षणासाठी साडेसोळा हजार किलोमीटर आलो होतो आणि ते पुरेसं कारण होतं.

१९ मे

शहरात गेलो. काय बघायचं असं आईला विचारलं तर तिने ग्रँड सेंट्रल स्टेशन सांगितलं. बहिणीला आश्चर्य वाटलं. मला नाही.

१८ नोव्हेंबर १८८३ या दिवशी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी ठरवून आपापली स्थानिक वेळ सोडली आणि प्रमाणवेळेचे पट्टे स्वीकारले. त्याआधी प्रत्येक गावाची दुपार वेगळी. त्या रविवारी अनेक गावांत आधी सूर्याचे बारा वाजले आणि मग पुन्हा रेल्वेचे, म्हणून त्याला दोन दुपारींचा दिवस म्हणत. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं. आईची १८० अंशांची रेघ त्या शून्याच्या पाठीमागची. आजची स्टेशनची इमारत त्यानंतरची, १९१३ सालची, पण वेळेची ही गोष्ट रेल्वेचीच आहे म्हणून तिला तिथे उभं राहायचं होतं.

मोठ्या दालनाच्या मधोमध चौकशीच्या खिडकीवर चार तोंडांचं घड्याळ आहे. लोक त्याच्याखाली भेटायचं ठरवतात. आई गर्दीत त्याच्यासमोर उभी राहिली आणि मनगट वर धरलं. पितळी घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं, तिच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. तिच्यातले रात्रीचे.

घरी येताना तिने गाडीत आणखी एक हिशेब मांडला. सिंगापूर १०४ अंशांवर, पंधराने भागलं तर ग्रीनिचच्या सुमारे सात तास पुढे असायला हवं. पण १ जानेवारी १९८२ पासून ते आठ तास पुढे आहे. न्यूयॉर्क सूर्याप्रमाणे पाच तास मागे, उन्हाळ्यात मात्र चारच. दोन्ही शहरांनी आपापलं घड्याळ सूर्याच्या एकेक तास पुढे ठेवलं आहे, म्हणून मधला फरक बिघडत नाही. तिला हे फार आवडलं. दोन्ही शहरांत मध्यान्ह एक वाजता होते, आपल्याला कळतही नाही.

२० ते २३ मे

पाऊस. बॅगा. झोप अखेर बहिणीच्या घराला लागली, म्हणजे अगदी निघायच्या वेळेला. २३ तारखेला आई पहिल्यांदा पाच वाजेपर्यंत सलग झोपली, आणि दुसऱ्या दिवशी विमान होतं.

२४ मे

सकाळी सव्वादहानंतर नुआर्कहून निघालो. मी धरून चालले होते की आल्या वाटेने परत जाणार, पॅसिफिकवरून. पण तो वारा आता समोरून आला असता. विमान वळलं आणि अटलांटिकवर आलं. परत पूर्वेलाच.

आईने माझा हात धरला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. तिने सकाळीच वैमानिकांसारखा विचार केला होता. दोन्ही शहरं समोरासमोर, तेव्हा पूर्वेने जा की पश्चिमेने, अंतर सारखंच. मग दोन्ही वेळा वारा पाठीशी घ्यावा. रोज तसंच होतं असं नाही. वाट त्या त्या दिवशीच्या वाऱ्यावर आणि खुल्या आकाशावर ठरते. पण आमच्या नशिबी दोन्ही वेळा पूर्व आली.

या वेळी डावी खिडकी मागून घेतली होती. अटलांटिकवर दिवस भराभर कलला. साडेपाच तासांत फ्रान्सच्या आसपास अंधार. रात्रही आखूड, सहा तासांच्या आत संपलेली. तुर्कस्तान मागे पडल्यावर डावीकडे उजाडलं, खाली तपकिरी कोरडे डोंगर, त्यांच्या एकेका धारेला उजेड लागलेला. वहीत रेघ. मग अरबी समुद्र, भारताचं द्वीपकल्प, बंगालचा उपसागर. आमच्या देशावरून जायला दोन तासांच्या थोडं वर लागलं, आणि आई तेवढा सगळा वेळ कपाळ काचेला लावून बसली होती. मी काही बोलले नाही.

२५ मे

दुपारी पाचच्या आत चांगीला उतरलो. साडेअठरा तास, १६,७०० किलोमीटरच्या आसपास. जाताना-येतानाचे मिळून तेहेतीस हजारांच्या वर. पृथ्वीच्या सगळ्या ३६० रेखावृत्तांवरून आम्ही एकदा गेलो. विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था पृथ्वीप्रदक्षिणेसाठी निदान कर्कवृत्ताच्या लांबीइतका, ३६,७८७ किलोमीटरच्या वर प्रवास मागते, तेव्हा त्यांच्या वहीत आमची नोंद होणार नाही.

आईच्या वहीत होती. हातपाय धुऊन ती टेबलाशी बसली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "आम्ही दहा तारखेला रात्री गेलो. आज पंचवीस. मधे तुमच्याकडे सूर्य किती वेळा उगवला?"

त्याने बोटांवर मोजलं. "पंधरा वेळा, आई."

तिने वही त्याच्यापुढे सरकवली. पाच-पाचचे तीन गठ्ठे आणि त्यांच्यापुढे एक सुटी रेघ. त्याने पेन्सिलचं टोक एकेका रेघेवर टेकवत पुन्हा मोजल्या. सोळा.

"ही जास्तीची कुठली? जपानची?"

"जास्तीची अशी एकच नाही," आई म्हणाली. "जातानाचा दिवस आखूड होता आणि येतानाचाही. त्यातून वाचलेल्या तासांचा हा एक झाला."

मग तिने पर्समधला दोरा काढला, गोल जवळ ओढला आणि या वेळी ध्रुवाकडे न जाता जपान, अलास्का, नुआर्क, फ्रान्स, तुर्कस्तान असा बोटाने दाबत दाबत न्यायला लागली. छत्तीस सेंटिमीटरचा तो दोरा न्यूयॉर्कच्या अलीकडेच संपला. माझा मुलगा शिवणाच्या डब्यातलं रीळ आणायला धावला.